तक्त्याच्या तळाची टीम

नागपूरच्या फुटबॉलचा नकाशा काढायचा तर आधी रेल्वेचे रूळ काढावे लागतात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये इथे पोचली. वीस वर्षांनी, १८८७ मध्ये, बंगाल नागपूर रेल्वे ही कंपनी उभी राहिली आणि तिचे रूळ पूर्वेकडे कलकत्त्याच्या दिशेनं गेले. या रुळांच्या आजूबाजूला बोट फिरवत गेलं की एकेक नाव हाताला लागतं. मोतीबाग, मोहननगर, खलाशी लाइन, गड्डीगोदाम, बेझनबाग, इंदोरा. स्टेशनामागे मोमिनपुरा. आणि शहर सोडून थोडं पुढे गेलं की कन्हानच्या काठी कामठी, जिथे इंग्रजांनी १८२१ मध्ये छावणी वसवली. नागपूरचं फुटबॉल या पट्ट्यात राहतं.

मी वाढलो धंतोलीत, म्हणजे सीताबर्डीच्या किल्ल्याच्या दक्षिणेला. आमच्या गल्लीत पोरांच्या हातात बॅट असायची आणि घरात रेडिओवर कॉमेंट्री. यशवंत स्टेडियम चालत जाण्याच्या अंतरावर होतं, फुटबॉलच्या मोठ्या मॅचेस तिथे व्हायच्या, पण त्या खेळणारं आमच्या गल्लीतलं कोणी नसायचं. रब्बानी क्लब कामठीहून यायचा. राहुल क्लब, यंग मुस्लिम, किदवई, रेल्वेची टीम, पोलिसांची टीम. सायकलींवर, टेम्पोत, बूट गळ्यात अडकवून ही मंडळी आमच्या भागात येत, नव्वद मिनिटं खेळत आणि परत जात. आमच्याकडच्या काका-आजोबांना यातलं एकही नाव माहीत नसे. रणजी ट्रॉफीत विदर्भाची टीम साखळीतच बाद व्हायची त्या काळातही तिचे अकराच्या अकरा त्यांना तोंडपाठ होते. पुढे २०१७-१८ ला विदर्भानं रणजी जिंकली, लगेच पुढच्या वर्षी परत जिंकली, २०२४-२५ ला तिसऱ्यांदा. त्याचा आनंद मलाही झाला, त्यात खोटं काही नाही. पण त्या आनंदातही वाटायचं, की ज्या शहरात एवढी वर्षं एवढे क्लब पदरमोड करून फुटबॉल खेळतात, त्या शहरानं त्यांच्याकडे नीट पाहिलेलंच नाही.

पाहिलं नाही म्हणजे लिहिलंही नाही. कोल्हापूरकडे बघा. तिथलं फुटबॉल तालमींतून आलं. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ. पेठेचा मान त्या टीमवर, शाहू स्टेडियमला तोबा गर्दी, दुसऱ्या दिवशी पेपरात पान भरून वर्णन. तो खेळ मराठी बोलतो, म्हणून मराठीत त्याच्याबद्दल लिहिलं गेलं. नागपूरचं ग्राउंड मराठी बोलतं, पण तेवढंच बोलत नाही. बॅक ओरडतो तो हिंदीत, आमच्या नागपुरी हिंदीत: ‘अबे पीछे देख ना!’ कामठीचे दोघं आपसात उर्दूत बोलतात, रेल्वे कॉलनीतला एखादा सेंटर हाफ घरी तेलुगू बोलतो, मोहननगरचा कीपर इंग्रजीत शिव्या देतो. आणि बेझनबाग-इंदोऱ्याची पोरं खास नागपुरी मराठीत, ‘काय करून राहिला बे, पास दे ना!’ अशा खेळाचा इतिहास लिहायचा कोणी, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. प्रत्येकाला वाटलं तो दुसऱ्याचा आहे.

शिवाय नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांताची, नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. महाराष्ट्राच्या फुटबॉलची गोष्ट सांगताना लोक मुंबईच्या रोव्हर्स कपापासून सुरुवात करतात आणि कोल्हापूरला येऊन थांबतात. त्या गोष्टीत आम्ही उशिरा आलेले पाहुणे. रेल्वेनं मोजलं तर नागपूरहून मुंबई ८३७ किलोमीटर आणि हावडा अकराशेच्या वर. अंतरानं मुंबई जवळ. पण फुटबॉलच्या बाबतीत या पट्ट्याचं तोंड पूर्वेला होतं. बी.एन.आर.ची, म्हणजे बंगाल नागपूर रेल्वेची, टीम कलकत्त्याच्या लीगमध्ये भल्याभल्यांना घाम फोडायची आणि त्याच कंपनीचे गार्ड, ड्रायव्हर, फिटर मोतीबागच्या क्वार्टरांत राहायचे. कुठला निकाल लागला हे मेलच्या ड्रायव्हरला विचारायचं.

त्या कलकत्ता लीगचीही एक गोष्ट आहे, ती मोमिनपुऱ्याशी आणि कामठीशी जोडून पाहावीशी वाटते. ती लीग १८९८ ची. तिच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये भारतीय क्लब दोनच असावेत असा दंडक बरीच वर्षं होता. म्हणजे जिंकलात तरी वर चढायला जागा नाही. १९२५ मध्ये ईस्ट बंगालच्या वेळी तो मोडला. आणि १९३४ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगनं पहिल्या डिव्हिजनमध्ये पाऊल टाकलं त्याच वर्षी लीग जिंकली. तोवर एकाही भारतीय क्लबला ते जमलं नव्हतं. पुढची चार वर्षंही त्यांनी ती कुणाला दिली नाही. इकडे विणकरांच्या गल्ल्यांत, विडी वळणाऱ्या हातांच्या कामठीत त्या बातमीनं काय केलं असेल, याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

हे सगळं मला कळायला लागलं ते मामांमुळे. मामा म्हणजे आईचे सख्खे भाऊ, रेल्वेत गुड्स क्लार्क, राहायला मोतीबागेकडे. उमेदीची सगळी वर्षं ते एका खालच्या डिव्हिजनमधल्या क्लबचे सेक्रेटरी होते. क्लबचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांची तशी ताकीद आहे: ‘नाव छापलं का भांडणं लागतेत. आपल्याले भांडण नाई पायजे.’ या क्लबला स्वतःचं ग्राउंड नव्हतं. ऑफिस नव्हतं. एक पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात दोन बॉल, एक पंप, जर्सी, आणि रजिस्टरं. लांबट, जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठ असलेली. ती रजिस्टरं अजून आहेत. मी अधूनमधून मोतीबागेला जातो तेव्हा मामी चहा टाकतात आणि मी ती चाळत बसतो.

त्यांत काय आहे हे सांगण्याआधी लीग ही चीज काय आहे ते सांगायला हवं. फुटबॉल न पाहणाऱ्याला कप आणि लीग यांत फरक वाटत नाही, आणि माझं सगळं म्हणणं त्या फरकावरच उभं आहे.

लीग जन्मली ती हिशेबातून. इंग्लंडमध्ये १८८५ ला खेळाडूंना पैसे द्यायला परवानगी मिळाली. पगार सुरू झाले, पण मॅचेसचा भरवसा नव्हता. कपात हरलं की घरी बसायचं. मैत्रीच्या मॅचेस ठरायच्या आणि समोरच्याला जास्त गल्ला मिळणारी दुसरी मॅच सापडली की आयत्या वेळी रद्द व्हायच्या. विल्यम मॅकग्रेगर नावाचा बर्मिंगहॅमचा एक कापड दुकानदार अ‍ॅस्टन व्हिला क्लबचं काम पाहायचा. त्यानं २ मार्च १८८८ ला काही क्लबांना पत्र लिहिलं, की दहा-बारा क्लबांनी एकत्र येऊन वर्षाच्या मॅचेस आधीच ठरवून टाकाव्यात. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळावं, एकदा आपल्या घरी, एकदा त्याच्या. बारा क्लब आले. ८ सप्टेंबरला मॅचेस सुरूही झाल्या. गंमत अशी, की जिंकल्यावर किती गुण द्यायचे हेच तोवर ठरलं नव्हतं. ते नोव्हेंबरमध्ये ठरलं: जिंकलं की दोन, बरोबरी झाली की एक.

योगायोग म्हणजे त्याच १८८८ मध्ये इकडे सिमल्याला मॉर्टिमर ड्युरँडनं आपल्या नावाचा कप सुरू केला. कप आपल्याकडे आधी आला, लीग मागून आली. कलकत्त्यात १८९८, मुंबईची हारवुड लीग १९०२. कपाचं वेड मात्र अजून उतरलेलं नाही. कामठीत टूर्नामेंट असली की माणसं भिंतींवर, झाडांवर बसतात. बाहेरगावच्या टीम येतात, बक्षीस मोठं, भाषणं मोठी. लीगची मॅच दुपारी अडीचला, पाहायला सात-आठ जण, त्यांतले तीन राखीव खेळाडू.

पण कपात पहिल्याच दिवशी हरलेली टीम त्या दिवसापासून संपते. तिचं नाव पुन्हा कुठे येत नाही. लीगमध्ये हरलेल्याला पुढच्या आठवड्यात परत यावं लागतं. परत हरायला, कदाचित. आणि शेवटी जो तक्ता लागतो त्यात त्याचं नाव असतंच, सगळ्यात खाली का होईना. खेळले किती, जिंकले किती, हरले किती, किती गोल केले, किती खाल्ले. पहिल्या इंग्लिश लीगमध्ये प्रेस्टन नॉर्थ एंड बावीस मॅचेसमध्ये एकही न हरता पहिले आले, हे सगळ्या पुस्तकांत असतं. मला तक्त्याचा तळ जास्त आवडतो. तिथे स्टोक आणि नॉट्स काउंटी, दोघांचे बारा बारा गुण. नॉट्सनं ४० गोल केले, ७३ खाल्ले. स्टोकनं २६ केले, ५१ खाल्ले. आजच्या रीतीनं, म्हणजे वजाबाकी करून, स्टोक उणे २५ आणि नॉट्स उणे ३३, स्टोक वर. पण तेव्हा भागाकार करायचे. केलेले गोल भागिले खाल्लेले. स्टोकचा भागाकार ०.५१, नॉट्सचा ०.५५ च्या जवळपास. स्टोक तळाला. शेवटच्या चार टीमना पुढच्या वर्षी आत घ्यायचं का यावर मतं घेतली गेली, स्टोकला आत ठेवलं, तर ते पुन्हा शेवटचे आले आणि १८९० मध्ये त्यांची जागा संडरलँडला गेली. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी कोण शेवटचं आलं, आणि आपल्या हिशेबानं आलं असतं का, हे मी मोतीबागेत बसून सांगू शकतो. कारण कुणीतरी ते लिहून ठेवलं.

मामांनी तेच केलं. आणि त्यांनी गोल भागिले गोल आणि गोल वजा गोल असे दोन्ही हिशेब केले. इंग्लंडनं १९७६ मध्ये भागाकार सोडून वजाबाकी धरली. वर्ल्ड कपात ती १९७० पासूनच होती. एका रजिस्टरच्या शेवटच्या पानावर मामांच्या क्लबचं गणित दोन रकान्यांत आहे. एका रकान्यात क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये चढतो, दुसऱ्यात एका जागेनं राहतो. खरा निकाल कोणता लागला ते लिहिलेलं नाही, पण एक रकाना निळ्या शाईनं नीट कोरलेला आहे आणि दुसरा पेन्सिलनं तिरका. पुढचं रजिस्टर उघडलं तर क्लब त्याच डिव्हिजनमध्ये.

नोंदी त्रोटक आहेत. ‘पाऊस. बॉल हलत नव्हता. ०-०.’ ‘जाळी नव्हती. बॉल खांबाच्या आतून गेला की बाहेरून यावर वाद. रेफ्री म्हणाले आतून.’ ‘सात खाल्ले. कीपरला ताप.’ ‘त्यांचा नऊ नंबर डमी. पुरावा नाही.’ डमी म्हणजे दुसऱ्याच्या नावावर खेळलेला गडी. धाकट्याच्या कार्डावर थोरला, सस्पेंड झालेल्याच्या जागी त्याचा मावसभाऊ. त्या वेळची कार्डं म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो, आणि फोटोही असा की भावाभावांत फरक करणं अवघड. मग प्रोटेस्ट. प्रोटेस्टचं एक पूर्ण शास्त्र होतं. तोंडी चालत नाही, लेखी पाहिजे. ठरलेल्या वेळेत पाहिजे. फी भरावी लागते, आणि प्रोटेस्ट फेटाळला की फी जाते. म्हणून क्लबच्या कमिटीत एक तरी माणूस असा लागायचा ज्याला अर्ज लिहिता येतो. खेळाडू गल्लीत शंभर मिळत. अर्ज लिहिणारा मिळत नसे. मामा रेल्वेतले क्लार्क, त्यांचा हात अर्जावर बसलेला. विरुद्ध क्लबांचेही लोक रात्री गुपचूप येऊन त्यांच्याकडून प्रोटेस्ट लिहून घेत, असं मामी सांगतात. एकदा त्यांनी म्हणे आपल्याच क्लबविरुद्धचा प्रोटेस्ट लिहून दिला. मामा यावर हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. ‘अर्ज बरोबर होता,’ एवढंच म्हणतात.

हा कागदी भाग लोकांना रुक्ष वाटतो. मला तोच लीगचा गाभा वाटतो. गोल तर पोरं कुठेही करतात, मोकळ्या प्लॉटवर, दोन विटा ठेवून. त्या गोलांना लीग करतं ते रजिस्टर: कोण खेळू शकतो, कोणाकडून, कोणाची एनओसी लागते, वॉकओव्हर कितीच्या मिनिटाला द्यायचा. आणि सगळ्यात अवघड कागद म्हणजे फिक्स्चर, मॅचेसचं वेळापत्रक. मामा काही वर्षं त्या कामालाही मदत करायचे. नागपुरात फिक्स्चर काढायचं म्हणजे अख्ख्या शहराचं कॅलेंडर समोर घेऊन बसायचं. रमजानात दुपारची मॅच कामठीच्या टीमला कशी द्यायची? दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, उत्तर नागपूरची पोरं तेव्हा पाणी वाटायला, स्टॉल लावायला तिथे असतात. त्या आठवड्यात त्यांची मॅच ठेवून कोण शिव्या खाणार? नाताळात मोहननगरचे खेळाडू मिळत नाहीत. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन. तेव्हा पोलिसांचे खेळाडू बंदोबस्ताला, आणि मोर्चे निघतात ते यशवंत स्टेडियमपासून, म्हणजे टीम नाही आणि ग्राउंडही नाही. मार्च म्हणजे परीक्षा. एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांत खेळवलं तर माणूस मरेल. जूनच्या अखेरीस पाऊस आला की काळ्या मातीचं ग्राउंड बुटाला धरून ठेवतं, सोडत नाही. उरलेल्या दिवसांत लीग बसवायची. कुठलाही समाजशास्त्रज्ञ नागपूरबद्दल जे पाच वर्षांत शिकेल ते फिक्स्चर करणारा एका आठवड्यात शिकतो, असं माझं मत आहे. आणि त्यात एकाही समाजाला ‘तुमच्यासाठी थांबणार नाही’ असं सांगता येत नाही, कारण तोच समाज पुढच्या रविवारी समोरची टीम असतो.

हौशी लीग म्हणतात हिला. हौस हा शब्द मला थोडा अन्यायाचा वाटतो. इंग्लंडमध्ये पैसे न घेता खेळणं ही एकेकाळी बड्या घरच्या मंडळींची शान होती. तिथल्या फुटबॉल असोसिएशननं हौशी आणि व्यावसायिक असा भेद १९७४ पर्यंत जपला. नागपूरच्या खालच्या डिव्हिजनमध्ये खेळणारा गडी पैसे न घेणारा नव्हता, पैसे गमावणारा होता. मिलमध्ये असेल तर पाळी बदलून घ्यायची, ती मिळाली नाही तर खाडा. एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केली ती २००२ मध्ये बंद झाली, त्या मधल्या सव्वाशे वर्षांत किती जणांनी शनिवारची पाळी रविवारच्या मॅचसाठी विकली असेल! हातमागावर असेल तर तेवढे वार कमी. विडीवर असेल तर तेवढ्या विड्या कमी. मामांच्या रजिस्टरमध्ये एका कोपऱ्यात ‘लेफ्ट आउटला मजुरी भरून दिली’ अशी नोंद आहे, रक्कम खोडलेली. म्हणजे क्लबनं वर्गणी काढून एका माणसाचा खाडा भरला. नियमाप्रमाणे हा गुन्हा असेल. मला तो लीगच्या इतिहासातला मानाचा प्रसंग वाटतो.

बुटांचंही असंच. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. आपले बरेच जण अनवाणी खेळत होते. त्यानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं बूट सक्तीचे केले. दिल्ली-कलकत्त्यात ठराव झाला, झाला. इकडे तो अमलात आणायचा म्हणजे अकरा जोड्या आणायच्या कुठून? मामांचे थोरले सांगायचे, की बरेच दिवस एकच जोडी दोघांत फिरायची. एक बाहेर आला की दुसरा त्याचे बूट चढवून आत. पायाचा नंबर जुळणं ही सब्स्टिट्यूटची पहिली पात्रता.

मग हे लोक खेळायचे कशासाठी? आवडायचं म्हणून, हे खरंच. पण आणखी एक कारण होतं आणि ते लपवण्यासारखं नाही. नोकरी. रेल्वेत, पोलिसात, कोळसा खाणींच्या कंपनीत, वीज मंडळात खेळाडूंसाठी जागा निघत. लीगमध्ये चमकलेल्या पोराकडे खात्याच्या टीमचा कोच येऊन बसायचा आणि त्याच्या आईला ‘पोरगा पर्मनंट होईल’ म्हणायचा. ट्रॉफीला कुणी विचारत नसे. ही खरी ट्रॉफी. झोपडीतून क्वार्टरमध्ये जायचा तो एक रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर जात, मोहल्ला, मार्क यांच्याआधी डावा पाय किती चालतो ते पाहिलं जायचं. भरती आटली तशी लीगही बदलली. मामा याबद्दल फार बोलत नाहीत, पण त्यांच्या रजिस्टरांत विरुद्ध टीमांची नावं पाहत गेलं की खात्यांची नावं विरळ होत जातात आणि मोहल्ल्यांची वाढतात.

बाहेरच्यांना आज नागपूरचं फुटबॉल म्हटलं की विजय बारसे आठवतात, आणि ते योग्यच आहे. हिस्लॉप कॉलेजचे हे तेव्हाचे क्रीडाशिक्षक. पावसात आडोशाला उभे असताना त्यांना झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली, त्यांनी पोरांना बॉल दिला आणि २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू झालं. पुढे ते ‘स्लम सॉकर’ म्हणून जगभर गेलं, होमलेस वर्ल्ड कपपर्यंत. तिथला खेळ चारचार जणांचा, छोट्या मैदानात, सात मिनिटांचा एक डाव. सिनेमाही निघाला. लीगच्या लोकांत याबद्दल थोडी धुसफूस ऐकू येते, की आम्ही इतकी वर्षं खेळत होतो तेव्हा कॅमेरे कुठे होते. धुसफूस समजते, पण पटत नाही. लीगला कार्ड लागतं, फी लागते, अर्ज लिहिणारा माणूस लागतो. ज्या पोराकडे यातलं काहीच नाही, त्याला लीगच्या दाराबाहेर बादलीच होती. बारशांनी ते दार दुसरीकडून उघडलं. पोरीही आत आल्या. लीगनं त्यांच्याकडे फार उशिरा पाहिलं, हे लीगवाल्यांनीही मान्य करावं.

आता नोंदणी महासंघाच्या पोर्टलवर होते. आधार, जन्मदाखला, फोटो. डमीचा जमाना जवळपास संपला. मामांना त्याचं थोडं वाईटच वाटतं असा मला संशय आहे. एलिट डिव्हिजन, सुपर डिव्हिजन अशी नावं आली. मोठ्या मॅचेसचे व्हिडिओ निघतात. पण पोर्टलवर खेळाडू राहतो, मॅच राहत नाही; म्हणजे जाळी होती का, कीपरला ताप होता का, ते राहत नाही. खालच्या डिव्हिजनचे निकाल पेपरात एका ओळीचे, तेही जागा उरली तर. मी मामांना म्हटलं, मामा, तुमची रजिस्टरं स्कॅन करून ठेवू, विद्यापीठाला देऊ. ते म्हणाले, ‘दे ना. पण पयले सांग, पुढचं कोण लिहून राहिलं?’

पुढचं मामांचा नातू लिहून राहिला. तो त्याच क्लबकडून राइट बॅक खेळतो, बराचसा राखीव म्हणून, त्यामुळे लिहायला वेळ असतो. फोनमध्ये त्यानं एक शीट केलंय. परवा मी गेलो तेव्हा दोघांचा वाद चालला होता. रविवारी समोरची टीम आलीच नव्हती. वॉकओव्हर. नातवाचं म्हणणं, ३-० लिहायचं, संपलं. मामांचं म्हणणं, ३-० कोणी मारले? नावं सांग.

‘आबा, कोणीच नाई मारले. नियम आहे तसा.’

‘नियम आहे तर नियम लिही. अन् ते काऊन नाई आले तेही लिही.’

‘ते मले काय माहीत?’

‘फोन कर ना बे. त्यांच्या कॅप्टनचा नंबर असंल तुझ्याकडं.’

नातवानं माझ्याकडे पाहिलं. मी चहा पीत राहिलो. त्यानं फोन लावला, बाहेर जाऊन हिंदीत दोन मिनिटं बोलला, हसत आत आला आणि शेरा या रकान्यात टाइप केलं: ‘वॉकओव्हर, ३-०. समोरचे कामठीहून निघाले नाहीत. टेम्पोवाला सकाळीच वरात घेऊन कन्हानला गेला होता.’ मामांनी चष्मा लावून ते वाचलं आणि टेम्पोवाल्याला त्यांनी अ‍ॅडव्हान्स दिला होता का, हेही विचारून घ्यायला सांगितलं.